कादंबरीच्या हस्तलिखितावरचा व्यावसायिक अभिप्राय

कादंबरी लिहून झालीय पण अजून कुठल्या प्रकाशकाकडे किंवा लिटररी एजंटकडे (लेखकाच्या वतीनं प्रकाशक गाठणारा मध्यस्थ) पाठवलेली नाही, अशा मधल्या टप्प्यावर एखाद्या अनुभवी संपादकाकडून किंवा व्यावसायिक वाचकाकडून ती पूर्ण वाचून घेणं आणि कुठं जमलंय, कुठं फसलंय याचं लेखी मत घेणं, याला हस्तलिखितावरचा व्यावसायिक अभिप्राय म्हणतात. मॅन्युस्क्रिप्ट असेसमेंट, मॅन्युस्क्रिप्ट क्रिटीक, एडिटोरियल रिपोर्ट अशी इंग्रजी नावं कानावर येतात, ती साधारण एकाच गोष्टीची. हस्तलिखित हा शब्दही आता नावापुरताच, जाते ती वर्डची फाईल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात. अभिप्राय देणारा माणूस तुमच्या फाईलमधलं एक वाक्यही बदलत नाही. तो वाचतो, टिपणं काढतो आणि रिपोर्ट लिहितो. डॉक्टरनं एक्स-रे बघून हाड कुठं मोडलंय ते सांगावं तेवढंच, प्लास्टर लेखकानं स्वतःच घालायचं, तेही स्वतःच्याच पायाला.

संपादनाचे थर

संपादनाच्या कामाचे थर असतात आणि ते वरून खाली याच क्रमानं उतरायचे असतात. सगळ्यात वर कथेचा सांगाडा, म्हणजे डेव्हलपमेंटल किंवा स्ट्रक्चरल एडिट, यात संपादक रिपोर्टसोबत फाईलमध्ये जागोजागी कॉमेंट टाकत जातो, हे प्रकरण अलीकडे घ्या, ही दोन पात्रं एकच करा वगैरे. त्याखाली लाईन एडिट, म्हणजे वाक्याची लय, पुनरुक्ती, तोच शब्द तीन ओळींत चारदा. मग कॉपी एडिट, यात व्याकरण आणि सुसंगती, पान ४० वर काळे असलेले डोळे पान २१० वर घारे कसे झाले ते पकडायचं. शेवटी मुद्रितशोधन, ज्याला सगळे प्रूफ रीडिंगच म्हणतात, ते तर छपाईसाठी पानं लागल्यावरचं काम.

अभिप्राय या सगळ्याच्या आधी येतो. पण लोक हमखास उलटं करतात, आधी शुद्धलेखन तपासून घेतात कारण ते सोपं आणि डोळ्याला दिसणारं असतं, त्याचे पैसे मोजतात आणि मग कळतं की पाचवं प्रकरणच नकोय, म्हणजे ज्या पानांवरचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला पैसे दिले ती पानंच डिलीट.

व्यावसायिक माणसाकडे जाण्याआधी बीटा रीडर असतात. हा शब्द सॉफ्टवेअरवाल्यांकडून आलाय, प्रोग्रॅम बाजारात आणण्याआधी बीटा व्हर्जन लोकांना वापरायला देतात तसं. बीटा रीडर म्हणजे साधा वाचक, पैसे घेत नाही, त्याला फक्त कंटाळा आला की नाही हे सांगता येतं आणि तेच त्याच्याकडून हवं असतं. घरचे आणि जिवलग मित्र यात धरू नयेत, ते पुस्तक वाचत नाहीत, तुम्हाला वाचतात. कादंबरीत लेखकाच्या अनुभवाबाहेरचं जग असेल, एखादा समाज, आजार, कोर्टकचेरी, तर त्या विषयाचा जाणकार वाचकही वेगळा गाठावा लागतो.

रिपोर्टमध्ये काय असतं

पाच-सात पानांपासून वीस पानांपर्यंत काहीही असू शकतं. सुरुवातीला बहुतेक वेळा वाचकाला कथा काय समजली याचा सारांश असतो आणि नवे लेखक तो सोडून पुढं पळतात, 'आपलीच गोष्ट आपल्यालाच काय सांगतोय' म्हणून. खरंतर सगळ्यात जास्त माल तिथंच असतो. तुम्ही भावाभावांच्या भांडणाची कादंबरी लिहिलीत असं तुम्हाला वाटत असतं आणि समोरच्यानं सारांशात ती आईची गोष्ट म्हणून मांडलेली असते, तर पुढचं एक अक्षर वाचायच्या आधीच तुम्हाला मोठी बातमी मिळाली.

त्यानंतर रचना, वेग, पात्रं, संवाद, निवेदकाचा दृष्टिकोन, भाषा, लांबी आणि बाजारात हे पुस्तक कुठल्या फळीवर बसेल असे मुद्दे येतात. काही तक्रारी इतक्या नेहमीच्या आहेत की वाचणाऱ्याला पाठ असतात. कादंबरी तिसऱ्या प्रकरणात सुरू होते, आधीची दोन लेखकानं स्वतःला कथा समजावून सांगण्यासाठी लिहिलेली असतात. एकाच प्रसंगात निवेदन या डोक्यातून त्या डोक्यात उड्या मारतं. पात्रं एकमेकांना दोघांनाही आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगत बसतात, 'तुला तर ठाऊकच आहे की आपले बाबा दहा वर्षांपूर्वी' छाप. प्रत्येक माणूस सारख्याच लांबीची वाक्यं बोलतो. आणि लांबी, इंग्रजी बाजारात पहिल्या कादंबरीला ८० हजार ते १ लाख शब्द साधारण चालतात, त्याच्या दुप्पट मजकूर आला की एजंट पहिलं पान उघडायच्या आधीच कपाळाला हात लावतो.

चांगल्या रिपोर्टची खूण म्हणजे तो जागा दाखवतो. 'मध्यभाग संथ आहे' हे कुणीही म्हणेल. 'पान ११२ वर मी पहिल्यांदा फोन हातात घेतला, कारण पत्र जाळलं गेलं हे मला कळलं होतं आणि ती ते अजून चार पानं शोधत होती' हे वाक्य सोन्याचं आहे. वाचताना नेमकं काय झालं याची अशी नोंद आणि ते का झालं याचा अंदाज, हे दोन्ही एकाच माणसाकडून मिळणं अवघड, पैसे मोजायचे ते त्यासाठी.

दुखणं आणि औषध

आता मुख्य मुद्दा. रिपोर्टमधलं दुखणं जवळजवळ नेहमी खरं असतं, पण सुचवलेलं औषध बरेचदा चुकीच्या जागी लावलेलं असतं. उदाहरणार्थ समजा एका कादंबरीत नायिकेच्या बापानं घर गुपचूप विकलंय हे २२व्या प्रकरणात फुटतं. रिपोर्ट येतो, ९ ते १४ ही प्रकरणं रेंगाळतात, त्यातली दोन-तीन काढा. लेखक रडतखडत काढतो, परत वाचतो, रेंगाळणं तसंच. मग कधीतरी रात्री लक्षात येतं की तिसऱ्या प्रकरणात मामा फोनवर सहज बोलून गेलाय, 'आता त्या घराचं आपल्याकडे राहिलंय काय', आणि चलाख वाचकाला सगळं तिथंच कळलंय. म्हणजे पुढची १९ प्रकरणं वाचक पुढं उभा राहून नायिकेची वाट बघतोय. मामाचं ते एक वाक्य उडवलं की सहाही प्रकरणं एक ओळ न कापता चालायला लागतात. वाचणाऱ्याला कळ जिथं आली तिथं त्यानं बोट ठेवलं, ते बरोबरच होतं, मूळ कुठंय हे ज्यानं कादंबरी आतून बांधलीय त्यालाच सापडणार.

याला जुना दाखलाही आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश प्रकाशक पगारी वाचक ठेवायचे, आलेली हस्तलिखितं वाचून मत द्यायला. स्वतः कादंबरीकार असलेला जॉर्ज मेरेडिथ हा चॅपमन अँड हॉल या प्रकाशनाचा असा वाचक होता. १८६९ मध्ये त्यानं पुढं मोठा इंग्रज कादंबरीकार झालेल्या तरुण थॉमस हार्डीला भेटून सांगितलं की ही पहिली कादंबरी छापू नकोस, समाजावरची टीका फार तिखट झालीय, अंगाशी येईल, जास्त कथानक असलेलं काहीतरी लिही. हार्डीनं सल्ला इतका मनावर घेतला की १८७१ साली आलेल्या त्याच्या पुढच्या कादंबरीत रहस्यं, खून आणि योगायोग यांची नुसती खच्चून गर्दी. ती पहिली कादंबरी कधीच छापली गेली नाही आणि तिचं हस्तलिखितही उरलं नाही. मेरेडिथ चूक होता असं मी म्हणत नाही, पण औषध शब्दशः घेतलं की काय होतं ते दिसतं.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकन लेखिका हार्पर ली हिचं. तिचं हस्तलिखित १९५७ मध्ये लिपिनकॉट या प्रकाशनानं घेतलं, त्यात मोठी झालेली नायिका गावी परतते आणि मधेमधे लहानपण आठवतं. संपादक टे होहॉफ यांना लिखाणात दम दिसला पण कादंबरी म्हणून ती बांधली गेलेली दिसेना, सुटेसुटे किस्सेच जास्त. मग दोन-अडीच वर्षं खर्ड्यावर खर्डे झाले, लहानपण पुढं आलं, मोठेपण बाजूला गेलं आणि १९६० मध्ये 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आली. मूळ खर्डा २०१५ मध्ये स्वतंत्र पुस्तक म्हणून छापला गेला, त्यामुळे आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे कुणालाही शेजारीशेजारी ठेवून बघता येतं, आणि लिहिणाऱ्यानं ते एकदा बघावंच.

इतका वेळ द्यायला आता प्रकाशनसंस्थांमधल्या संपादकांकडे फुरसत क्वचितच असते, त्यांना शक्यतो तयार माल हवा असतो आणि मधे एजंट गाळणी लावून बसलेले असतात. त्यामुळे हे काम बाहेर सरकलं, फ्रीलान्स संपादकांकडे आणि खास यासाठीच काढलेल्या संस्थांकडे. लंडनची द लिटररी कन्सल्टन्सी १९९६ मध्ये सुरू झाली, ब्रिटनमध्ये या प्रकारातली ती पहिली मानतात.

पैसे आणि फसवणूक

दर शब्दांवर किंवा पानांवर ठरतो. पान म्हणजे छापील पान नव्हे, इंग्रजीत २५० शब्दांचं एक प्रमाण पान धरतात, म्हणजे ८० हजार शब्दांची कादंबरी ३२० पानांची. नुसता रिपोर्ट डेव्हलपमेंटल एडिटपेक्षा बराच स्वस्त पडतो. तेवढंही परवडत नसेल तर पहिली ५० पानं आणि सिनॉप्सिस, म्हणजे कथेचा गोषवारा, यांच्यावर अभिप्राय घेता येतो, फक्त त्यात शेवट फसलाय की नाही हे कळत नाही. रिपोर्टला काही आठवडे लागतात आणि दोन दिवसांत देतो म्हणणाऱ्यानं वाचलंय काय हा प्रश्न पडायलाच हवा.

माणूस निवडताना त्यानं तुमच्या प्रकारातली पुस्तकं हाताळलीत का ते बघावं, रहस्यकथेवर कविता वाचणाऱ्याचं मत घेऊन उपयोग नाही. अमेरिकेत १९७० पासूनची एडिटोरियल फ्रीलान्सर्स असोसिएशन आहे, ब्रिटनमध्ये चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ एडिटिंग अँड प्रूफरीडिंग आहे, यांच्या डिरेक्टरीत नावं मिळतात. जुन्या रिपोर्टचा नाव काढलेला नमुना मागावा, किती पानं, किती दिवस, नंतर फोनवर प्रश्न विचारता येणार का, हे सगळं लेखी घ्यावं. कॉपीराइट लेखकाचाच राहतो, कॉन्ट्रॅक्टमध्ये याच्याविरुद्ध काही दिसलं तर सही करू नये.

फसवणुकीचा ठरलेला साचा असा की एजंट किंवा प्रकाशक म्हणतो, पुस्तक छान आहे, फक्त अमुक संपादकाकडून नीट करून आणा. १९९०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातली एक संपादन कंपनी असे लेखक पाठवणाऱ्या एजंटांना कमिशन द्यायची, प्रकरण थेट राज्याच्या अॅटर्नी जनरलनं कोर्टात नेलं. अमेरिकन एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत हस्तलिखित वाचायची फी घेणं बसत नाही. त्यामुळे सोपी कसोटी ही की सल्ला देणारा आणि पुस्तक स्वीकारणारा हे दोघं वेगळे हवेत आणि त्यांच्यात पैशाचं नातं नको. छापून येण्याची हमी देणाऱ्यापासून तर चार हात लांबच.

रिपोर्ट आल्यावर

पहिल्यांदा वाचताना राग येतो, येऊ द्यावा. मी माझा पहिला रिपोर्ट तीन दिवस डेस्कटॉपवर नुसता बघत होतो, उघडलाच नाही, आणि उघडल्यावर स्तुतीचा परिच्छेद चारदा वाचून परत बंद केला. आठवड्यानं परत वाचलं की तेच मुद्दे कमी बोचतात आणि 'हे मला आधीच ठाऊक होतं' असे किती आहेत ते दिसतं, बरेच असतात. उत्तर देत बसू नये, 'तुम्हाला कळलं नाही' हे मेलमध्ये लिहून पुढचा वाचक शहाणा होत नाही. दोन वेगळ्या वाचकांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल तर, दोघांची कारणं उलटसुलट असली तरी, तिथं काहीतरी नक्की बिघडलंय.

एजंटला पाठवायच्या पत्रात 'व्यावसायिक संपादकाकडून तपासून घेतलंय' असं लिहिल्यानं वजन वाढत नाही, ते पानांवरूनच ठरवतात आणि साभार परत यायचं ते येतंच. कुणीतरी हल्ली चॅटबॉटला अख्खी कादंबरी खाऊ घालतं, त्यातून सारांश आणि टायपो मिळतात, पण त्याला कंटाळा येत नाही आणि आपल्याला नेमकं कंटाळा कुठं आला तेच हवं असतं, शिवाय अप्रकाशित मजकूर अपलोड करण्याआधी त्या सेवेच्या अटी वाचाव्यात.

दुरुस्त केलेला ड्राफ्ट त्याच माणसाला परत दाखवावा का, यावर मतं वेगळी आहेत. त्याला बदल लगेच कळतात हे खरं, पण त्याला आता मामाचं वाक्य आणि घराचं गुपित दोन्ही ठाऊक असतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याची नजर दर माणसाकडून एकदाच मिळते, म्हणून काहीजण एखादा चांगला वाचक मुद्दाम शेवटच्या ड्राफ्टसाठी राखून ठेवतात आणि तोवर त्याला कादंबरीचं नावसुद्धा सांगत नाहीत.