नवा स्मार्टफोन सुरू करण्याआधी जुना फोन हातात घ्या

नव्या फोनवर अडचण येते, तेव्हा तिचं मूळ बहुतेक वेळा जुन्या फोनमध्ये असतं. नंबर कुठे साठवले होते, पासवर्ड काय होता, बॅकअप (माहितीची राखीव प्रत) कधी झाला होता, हे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून खोकं उघडण्याआधी अर्धा तास जुन्या फोनला द्या.

हे पत्रक अँड्रॉइड फोनसाठी आहे. कंपनीगणिक मेनूची नावं थोडी बदलतात. एखादा पर्याय सापडला नाही तर सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत तो शब्द टाइप करा.

जुन्या फोनवर

सेटिंग्जमध्ये ‘गूगल’ उघडलं की तुमचा ईमेल पत्ता दिसतो. तो जसाच्या तसा कागदावर उतरवून घ्या. पासवर्ड आठवत नसेल तर आत्ताच बदला. ओळख पटवायला गूगल अनेकदा चालू असलेल्या जुन्या फोनवरच सूचना पाठवतं, त्यामुळे हे काम नंतर अवघड जातं. पासवर्ड विसरला म्हणून नवं खातं मात्र उघडू नका. जुन्या खात्यातले नंबर, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप नव्या खात्यात आपोआप येत नाहीत.

सिम बदललं की सगळे नंबर सोबत येतात, हा समज चुकीचा आहे. नंबर सिमवर, फोनमध्ये किंवा गूगल खात्यात असू शकतात. सिमसोबत येतात ते फक्त सिमवरचे. कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन सगळे नंबर गूगल खात्यात हलवा, म्हणजे पुढच्या फोनच्या वेळीही हा प्रश्न उरणार नाही.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप असं जा. बॅकअप कोणत्या गूगल खात्यावर जातो ते बघा आणि ‘बॅक अप’ दाबा. नव्या फोनवर तोच मोबाइल नंबर आणि तेच खातं लागेल. तिथे नंबर नोंदवताना ‘रिस्टोअर’ विचारलं जातं आणि घाईत ‘स्किप’ दाबलं की जुने मेसेज दिसत नाहीत. असं झालं तर त्याच दिवशी ॲप काढून पुन्हा घ्या. उशीर केलात तर नवा, रिकामा बॅकअप जुन्याची जागा घेऊ शकतो.

सिम

दोन्ही फोन बंद करा. खोक्यातली पिन ट्रेजवळच्या छिद्रात सरळ दाबा. फोनच्या कडेला तसंच दिसणारं आणखी एक बारीक छिद्र असतं, ते माइकचं. त्यात पिन घातली तर माइक बिघडू शकतो. ट्रेची फट छिद्राभोवती दिसते, ती खूण धरा. सिमचा कापलेला कोपरा ट्रेच्या कोपऱ्याशी जुळवा. सिम जुनं आणि मोठं असेल तर घरी कापू नका, कंपनीकडून बदलून घ्या.

सुरुवात आणि लॉक

बॅटरी किमान अर्धी भरलेली आणि वायफाय चालू असू द्या. पहिल्यांदा आठ तास चार्ज करण्याची गरज नाही, तो नियम जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांचा. भाषा मराठी ठेवायला हरकत नाही, पण मदत करणाऱ्याला इंग्रजी मेनूच ठाऊक असतील तर फोनवरून समजावताना दोघांचीही दमछाक होते. ‘ॲप्स आणि डेटा कॉपी करा’ ही पायरी सुरुवातीलाच येते, ती ओलांडून पुढे जाऊ नका.

पिन सहा अंकी ठेवा. चार अंकांच्या 10,000 जोड्या होतात, सहा अंकांच्या 10 लाख. जन्मतारीख नको. बोटाचा ठसा स्क्रीनवर घेणारा फोन असेल तर आधी स्क्रीनगार्ड लावा, मग ठसा नोंदवा. उलट क्रमाने केलं की अनेकदा ठसा नीट ओळखला जात नाही. बोटांची कातडी घासलेली असेल तर तेच बोट दोनदा नोंदवा. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की ठसा चालत नाही, पिनच द्यावा लागतो. तेव्हा पिन पाठ हवाच.

सवयीच्या अडचणी

‘रिंग ऐकूच येत नाही’ ही नेहमीची तक्रार. आवाजाचं बटण दाबलं की बहुतेक नव्या फोनवर गाण्या-व्हिडिओंचा आवाज बदलतो, रिंगचा नाही. सेटिंग्जमध्ये ‘साउंड’ उघडा आणि रिंगची पट्टी वेगळी वाढवा. तिथेच ‘डू नॉट डिस्टर्ब’ बंद आहे ना, तेही बघा.

खालची तीन बटणं गायब झाली असतील तर फोन बोट सरकवून चालवायच्या पद्धतीवर आहे. ‘नेव्हिगेशन’ शोधा आणि तीन बटणांचा पर्याय निवडा. हात थरथरत असतील तर हाच बदल सर्वांत आधी करावा, असं आमचं मत. पॉवरचं बटण दाबून धरल्यावर फोन बंद न होता आवाजाने उत्तरं देणारा सहायक बोलू लागला, तर पॉवर आणि आवाज वाढवायचं (काही फोनवर कमी करायचं) बटण एकत्र दाबा. अक्षरं मोठी करणं आणि स्क्रीन विझण्याची वेळ दोन मिनिटं ठेवणं, दोन्ही ‘डिस्प्ले’मध्ये.

ओटीपी कुणालाही सांगू नका आणि फोनवर कुणी सांगितलं म्हणून तुमची स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप घेऊ नका, अगदी आमचं नाव सांगितलं तरी.

जुन्या फोनचं काय

दोन आठवडे तो तसाच ठेवा. बँकेची ॲप कॉपी झाली तरी बहुतेकदा नव्याने नोंदवावी लागतात आणि त्यासाठी बँकेकडे दिलेल्या नंबरचं सिम नव्या फोनमध्ये असावं लागतं. सगळं चालू झाल्याची खात्री पटली की जुन्या फोनमधून आधी गूगल खातं काढा, मग सेटिंग्जमधून ‘फॅक्टरी रीसेट’ करा, म्हणजे फोनमधली सगळी माहिती पुसा. खातं न काढता नुसती बटणं दाबून रीसेट केलेला फोन पुढच्या माणसाकडे तुमच्याच खात्याचा पासवर्ड मागत राहतो. मेमरी कार्ड असेल तर तेही आठवणीने काढून घ्या.