डाय रेंगाळतो कुठे?

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत २४ वर्षांचा एक मुलगा आहे. आठवडाभर तापाने पडून उठला आणि एका पहाटे छातीत कळ आली. घरच्यांनी ओव्याचं पाणी दिलं, मग मीठ-मोहरीने दृष्ट काढली. त्यात दोन तास गेले. दृष्ट काढून हृदयाची एकही पेशी वाचत नाही, हे मला अगदी हात जोडून सांगायचं आहे.

इस्पितळात ईसीजी बिघडलेला, रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं. सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅक. पण ट्रोपोनिन इतकंच सांगतं की हृदयाच्या पेशींना इजा होतेय. कशामुळे, ते नाही सांगत. वाहिनी तुंबली असेल, नाहीतर विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल, म्हणजे मायोकार्डायटिस. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे शिरेतून डाय सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रांत, त्याच्या वाहिन्या मोकळ्या निघाल्या. तरी त्याला टेबलावरून उतरवलं नाही. काही मिनिटं थांबून परत स्कॅन केला. सगळी गंमत या दुसऱ्या स्कॅनमध्ये आहे.

सीटीच्या डायमध्ये आयोडीन असतं. हा डाय जिवंत पेशीच्या आत शिरत नाही, पेशींमधल्या मोकळ्या जागेत फिरतो. निरोगी हृदयस्नायूत ही जागा जेमतेम पाव हिस्सा. सूज आली, पेशी फुटल्या की ती वाढते आणि डाय तिथे रेंगाळतो. पावसाची सर ओसरल्यावर घोडबंदर रोड बघा. चांगला भाग वाळतो, पाणी खड्ड्यांत राहतं. रस्ता कुठे उखडलाय, ते पाणीच दाखवतं.

खड्डा कुठे पडलाय यावरून कारणही कळतं. हृदयाच्या मुख्य वाहिन्या बाहेरच्या अंगाने जातात; सर्वांत आतला थर पुरवठ्याच्या शेवटच्या टोकाला. नळाचा दाब कमी झाला की टोकाच्या घरात आधी ठणठणाट, तसा अटॅकचा डाग, म्हणजे डाय रेंगाळलेला भाग, आतून सुरू होतो. मायोकार्डायटिसचा डाग बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या थरात, पुष्कळदा डाव्या बाजूच्या भिंतीत. या मुलाचाही तिथेच होता.

हा डाग साध्या सीटीत फारच फिका दिसतो. मात्र क्ष-किरणांची ऊर्जा ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किंचित वर गेली की आयोडीन ते एकदम जास्त शोषतं. दोन वेगवेगळ्या ऊर्जांवर टिपलेल्या चित्रांची तुलना केली, की आयोडीन तेवढं वेगळं काढता येतं. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फोटॉन काउंटिंग सीटीत कॅडमियम टेल्युराइडचे स्फटिक प्रत्येक फोटॉन, म्हणजे क्ष-किरणांचा एकेक कण, मोजतात, त्याच्या ऊर्जेसकट. जुनी यंत्रं क्ष-किरणांचा आधी प्रकाश करतात आणि मग सगळ्यांची एकगठ्ठा बेरीज.

मायोकार्डायटिससाठी एमआरआय अजूनही सरस, कारण सुजेतलं पाणी त्यात थेट दिसतं. पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि रात्री-अपरात्री तो सगळीकडे मिळत नाही. काही तक्रार नसताना ‘फुल बॉडी’ पॅकेजच्या जाहिराती बघून हृदयाचा सीटी करून घेणं मात्र मला पटत नाही. त्यात किरणोत्सर्ग आहे आणि डायचा ताण मूत्रपिंडांवर पडू शकतो.

मुलाने शुद्धीवर येताच, नव्हे, वेदना थांबताच पहिला प्रश्न विचारला तो सोसायटीच्या मॅचचा. डॉक्टरांनी तीन ते सहा महिने धावपळ बंद केली. सुजलेला स्नायू दमवला तर हृदयाचे ठोके जीवघेणे चुकू शकतात.