परदेशी जोडपी, पालकत्वाचा अर्ज आणि न गेलेली नोटीस

कवळाण्याहून आलेला मुलगा १८७५ मध्ये दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव गायकवाड झाला, ती कथा मराठी घरांना नव्याने सांगायला नको. ते दत्तक गादीला वारस हवा म्हणून होते. टाकून दिलेल्या तान्ह्या मुलासाठी साता समुद्रापलीकडच्या जोडप्याने जिल्हा न्यायालयात अर्ज करावा, हा प्रकार फार पुढचा.

त्याचे कारण कायद्यातली फट. १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंपुरता. सर्वांसाठी म्हणून आलेले १९७२ चे विधेयक संसदेत बारगळले. मग वकिलांनी १८९० चा पालक व पाल्य कायदा हाताशी धरला. इथे पालकत्वाचा हुकूम आणि मूल देशाबाहेर न्यायची परवानगी मिळवायची, दत्तकविधान तिकडच्या कायद्याने करायचे. तोवर मूल कायद्याने त्यांचे होत नसे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी गुजरातच्या उच्च न्यायालयाने यावर बोट ठेवले: दत्तक दोन्ही देशांत कायदेशीर ठरले पाहिजे, आणि मुलाला तिकडे प्रवेश व नागरिकत्व मिळाले पाहिजे.

फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. एका वकिलाच्या पत्रावरून उभ्या राहिलेल्या या प्रकरणाने अर्जाचे स्वरूपच बदलले. जोडप्याच्या घराचा पाहणी अहवाल, कुटुंबाचा ताजा फोटो, लग्नाचा दाखला, प्रकृतीचे प्रमाणपत्र, पगाराचा व बँकेचा पुरावा, सगळे नोटरीच्या सहीशिक्क्यासह जोडायचे. भारतीय कुटुंब मिळते का, हे आधी पाहायचे. मूल गेल्यावर दोन वर्षे दर तिमाहीला आणि पुढची तीन वर्षे सहामाहीला त्याची खुशाली कळवायची.

याच निकालातल्या एका निर्देशावर मात्र आजही दुमत आहे. १८९० च्या कायद्याप्रमाणे पालकत्वाच्या अर्जाची नोटीस आईबापांना जायला हवी. न्यायालयाने सांगितले, जन्मदात्यांना नोटीस पाठवू नका आणि ती वर्तमानपत्रातही छापू नका. नोटीस जायची ती छाननी करणाऱ्या समाजकल्याण संस्थेला. मूल कुणाकडे गेले हे आईला कळले तर ती पुढे कधीही त्याचा माग काढेल, दोन्ही घरांची घडी विस्कटेल, ही त्यामागची भीती. ती खोटी नव्हती. संस्थेकडे मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी सुमारे तीन महिने द्यावेत, हेही त्याच निकालात आहे. पण मूल सोपवल्याच्या कागदावर तिने सही समजून केली की घरच्यांच्या धाकाने, हे न्यायाधीशाने तिला स्वतः विचारण्याची वाट नोटीस न गेल्यामुळे बंद झाली. कुमारी मातेच्या बाबतीत तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

पुढचे सगळे भराभर घडले. १९९० मध्ये दत्तकावर देखरेख ठेवणारी केंद्रीय यंत्रणा आली, २००३ मध्ये भारताने देशोदेशींच्या दत्तकाविषयीचा हेग करार स्वीकारला आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने परदेशी दत्तकासाठी पालकत्वाची आडवाट संपवली. आता टाकलेल्या मुलाचा फोटो आईबापांच्या शोधासाठी आधी वर्तमानपत्रात छापतात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाची चौकशी दोन महिन्यांत, त्याहून मोठ्याची चार महिन्यांत पुरी करून बालकल्याण समिती त्याला दत्तकासाठी मुक्त ठरवते. सोपवलेल्या मुलाच्या आईला फेरविचाराला ६० दिवस मिळतात. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा हुकूमही न्यायाधीशाऐवजी जिल्हाधिकारी काढतात.

त्या काळी परदेशी गेलेली मुले आता मोठी होऊन आपले मूळ शोधू पाहतात. नियम तशी मुभा देतात, पण जन्मदात्यांचा खासगीपणा सांभाळून. ज्या प्रकरणांत आईला नोटीसच गेली नाही, तिथे कोर्टाच्या फायलीत तिचा जबाब मिळण्याची आशा धरता येत नाही. त्यांना शोध सुरू करावा लागतो तो संस्थेच्या जुन्या नोंदवहीपासून.