बीपीचं मशीन: ‘ॲक्युरसी’ वेगळी, ‘प्रिसिजन’ वेगळं

घरच्या मशीनवर लागोपाठ तीनदा बीपी मोजलं आणि वरचा आकडा १४२, १४१, १४२ आला, की मशीनवर विश्वास बसतो. पण यातून कळतं ते एवढंच, की आकडे एकमेकांना धरून आहेत. हे झालं प्रिसिजन. खरा दाब १२८ असेल तर ॲक्युरसी मात्र इथे नाही, कारण तिचा संबंध खऱ्या किमतीशी असतो. दुसऱ्या मशीनने ११९, १३७, १२८ दाखवले, तर सुटं रीडिंग बेभरवशाचं, पण सरासरी १२८ म्हणजे बरोबर. मराठीत आपण दोन्हीला ‘अचूक’ म्हणतो, तिथेच घोटाळा होतो.

फरक महत्त्वाचा, कारण उपाय वेगळे आहेत. विखुरलेपणा सरासरीने कमी होतो. चार रीडिंग घेतली तर साधारण निम्मा. एकाच बाजूला झुकलेली चूक शंभरदा मोजूनही तेवढीच राहते. म्हणून बीपी मशीनच्या चाचणीचं आयएसओ ८१०६०-२ हे मानक दोन्ही तपासतं: किमान ८५ लोकांवर मोजून खात्रीच्या मोजणीपासूनचा सरासरी फरक ५ मिमी पाऱ्याच्या आत हवा आणि प्रमाण विचलन, म्हणजे विखुरलेपणाचं माप, ८ च्या आत.

चाचणीत उतरलेलं मशीनही घरी चुकतं. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर दरवेळी आकडा जास्तच येतो. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटीमीटर खाली लोंबला तर ७-८ मिमीची भर पडते. या एकतर्फी चुका. मोजताना बोलण्यानेही आकडा चढतो. ठोके अनियमित असतील तर आकडे विखुरतात.

म्हणून पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पावलं जमिनीवर, हात टेबलावर ठेवा, मग एकेक मिनिटाच्या अंतराने दोन-तीन रीडिंग घेऊन सरासरी लिहा. झुकाव मात्र दुसऱ्या, खात्रीच्या मशीनशिवाय सापडत नाही. डॉक्टरांकडे आपलं मशीन न्या, एकाच दंडावर आलटूनपालटून तीन-तीनदा मोजा. फरक दरवेळी एकाच दिशेने आणि पाचापेक्षा जास्त आला तर आधी पट्ट्याचं माप बघा, मग मशीन तपासून घ्या. तेवढा आकडा मनाने वजा करून चालवू नका. जास्त दाबाला फरकही तेवढाच राहील, याची खात्री नसते.