टॅक्सी-बसला व्हीएलटीडी बसवूनही पासिंग का अडकतं

गाडीत व्हीएलटीडी, म्हणजे गाडी कुठे आहे ते कळवणारं जीपीएस यंत्र बसवलंय, बिल आहे, संकटात प्रवाशाने दाबायची पॅनिक बटणं पण लावलीत, तरी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, गाडी परत पाठवली, असं सांगणारे लोक कमी होत नाहीयेत. बहुतेकांचं कारण एकच असतं, यंत्र गाडीत बसलेलं असतं पण ‘वाहन’ या सरकारी गाडी-नोंदणीच्या पोर्टलवर त्या गाडीच्या नावावर चढलेलंच नसतं. आणि इन्स्पेक्टर पोर्टल बघतो, तुमचं बिल नाही.

आधी कोणाला लागतं ते. केंद्रीय मोटार वाहन नियमातला 125एच हा नियम प्रवासी वाहतुकीच्या परमिटवाल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे टॅक्सी, मॅक्सी कॅब, ट्रॅव्हल्स, बस. दुचाकी, तीनचाकी रिक्षा, ई-रिक्षा आणि ज्यांना परमिटच लागत नाही अशा गाड्यांना यातून सूट आहे, त्यामुळे कोणी रिक्षावाल्याला केंद्राचा नियम दाखवून यंत्र विकत असेल तर सरळ नाही म्हणा. नोंदणी 1 जानेवारी 2019 किंवा त्यानंतरची असेल तर यंत्र आणि पॅनिक बटण लागणारच. इथे लोक दोनदा चुकतात. एक तर ती तारीख नोंदणीची आहे, गाडी बनल्याची नाही, डिसेंबर 2018 मध्ये बनलेली गाडी जानेवारीत नोंदली असेल तर नियम लागू. दुसरं म्हणजे 2019 च्या आधीच्या गाड्यांना कायमची सूट आहे असं समजून लोक निवांत राहतात, तसं नाहीये, जुन्या गाड्यांची मुदत ठरवायचा अधिकार राज्य सरकारला दिलाय, त्यामुळे पासिंगच्या आधी तुमच्या आरटीओत विचारूनच घ्या.

यंत्र कुठलं घ्यायचं हा पुढचा घोळ. चोरीच्या भीतीने लावतात तो स्वस्तातला ट्रॅकर इथे चालत नाही म्हणजे नाहीच. एआयएस-140 मानकाचं यंत्र लागतं, पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेने तपासून मंजूर केलेलं. त्यात गाडीची मेन बॅटरी काढली तरी निदान 4 तास चालेल अशी आतली बॅटरी असते, सिम आतच बसवलेलं असतं, आणि घाटात रेंज गेली तर ठिकाणांची नोंद साठवून रेंज आल्यावर पाठवली जाते. आपल्या इस्रोच्या नाविक उपग्रहांचे सिग्नलही ते पकडतं. दुकानदाराला मंजुरीच्या सर्टिफिकेटची प्रत मागा आणि आपल्या राज्यात वाहन पोर्टलवर ही कंपनी चालते का ते आधी विचारा, पैसे दिल्यावर विचारून काही होत नाही.

कागद तसे थोडेच आहेत, आरसी, परमिट, विमा, मालकाचं आधार, आणि यंत्र बसवल्यावर दुकानदाराकडून मिळणारं फिटमेंट सर्टिफिकेट. या सर्टिफिकेटवरचा चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि यंत्राचा आयएमईआय नंबर (म्हणजे त्याचा ओळख नंबर) दुकानातून निघायच्या आधी आरसीशी आणि यंत्रावरच्या स्टिकरशी एकेक अक्षर ताडून बघा. शून्याच्या जागी ओ टाइप झाला की तेवढ्यावर गाडी परत जाते, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा दुकानदाराच्याच मागे लागावं लागतं.

खरं अडतं ते ओटीपीवर. पोर्टलवर यंत्र जोडताना मालकाच्या नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि तो नंबर बऱ्याच वेळा मालकाचा नसतोच! गाडी घेताना शोरूमच्या पोराने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, किंवा सेकंडहँड गाडीला आधीच्या मालकाचा तसाच राहिलेला असतो, किंवा सिम कधीचं बंद झालेलं असतं. मग मेकॅनिक डॅशबोर्ड उघडून बसलाय आणि मालक ओळखीपाळखीत फोन फिरवतोय असं चित्र असतं. म्हणून यंत्र घ्यायच्या आधीच परिवहनच्या साइटवर नंबर बदलून घ्या. ते आधारवरून होतं पण आरसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर आरटीओत अर्ज करावा लागतो आणि त्यात दिवस जातात. साध्या नंबरसाठी एवढी पायपीट का करायला लावतात हे काही पटत नाही, पण आज तरी रस्ता हाच आहे.

कंपनी बदलताय तर जुन्या यंत्राची नोंद पोर्टलवरून आधी काढून घ्या, नाहीतर नवीन चढताना अडचण येते. जुना दुकानदार फोन उचलत नसेल तर कंपनीलाच लेखी कळवा.

पासिंगच्या दिवशी बटणं दाबून बघतात. सीट कव्हर नवीन घातलं की बटण कव्हरखाली जातं, मागच्या सीटवरच्या बाईचा हात सहज पोचला पाहिजे यासाठीच ते आहे हे विसरू नका, कव्हर कापून बटण मोकळं करा. आणि सिमचं रिचार्ज किती वर्षांचं आहे ते बिलावर लिहून घ्या. पहिल्या पासिंगला सगळं नीट होतं आणि पुढच्याला यंत्र बंद दाखवतं, त्यात पुष्कळदा रिचार्जच संपलेलं असतं. तारखेच्या आठवडाभर आधी दुकानदाराकडून यंत्राचं लोकेशन चालू दिसतंय का बघून घ्या, बंद असेल तर तेवढ्या वेळात दुरुस्ती होते.