प्रतिलेखन घटकांच्या जोड्या व मूलपेशींची नियती

मूलपेशीची पुढे चेतापेशी व्हावी, रक्तपेशी व्हावी की आतड्याचे अस्तर, हे बऱ्याच अंशी डीएनएवर जोडीने बसणाऱ्या प्रथिनांवर ठरते. जनुकांचे वाचन सुरू वा बंद करणाऱ्या या प्रथिनांना प्रतिलेखन घटक म्हणतात. मूलपेशीस काही लेखक स्कंधपेशी म्हणतात.

सॉक्स-२ हा घटक ऑक्ट-४ या दुसऱ्या घटकाबरोबर भ्रूणीय मूलपेशींची बहुक्षमता, म्हणजे शरीरातील कोणतीही पेशी होण्याची क्षमता, राखतो, तर पॅक्स-६ या घटकाबरोबर डोळ्याच्या भिंगाची जनुके चालू करतो. देवनागरीत ‘र’ आधी आला तर ‘र्प’ होतो, मागून आला तर ‘प्र’. पेशीही अशी जोडाक्षरेच वाचते.

जोडी जमण्यात अंतराला फार महत्त्व आहे. सॉक्स-२ डीएनएच्या अरुंद खाचेत शिरून धागा वाकवतो. शेजारी ऑक्ट-४ आपल्या दोन भागांनी पकड घेतो. दोघांच्या जागा बहुधा एकमेकींना खेटून असतात. एफजीएफ-४ जनुकाच्या वर्धकात, म्हणजे जनुकाचे वाचन वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात, मात्र मध्ये डीएनएची ३ अक्षरे आहेत, तरीही जोडी टिकते. खेटलेल्या मजकुरातले एक अक्षर गळाले, की तेथे सॉक्स-२ ऐवजी त्याचा भाईबंद सॉक्स-१७ ऑक्ट-४ शी जुळतो आणि पेशी अंतःस्तराकडे, म्हणजे आतड्यासारखे अवयव घडवणाऱ्या भ्रूणाच्या आतल्या थराकडे, वळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सॉक्स-१७ मधील ग्लुटामेट हे एकच अमिनो आम्ल बदलून त्याजागी लायसीन घातले, तेव्हा तो बहुक्षमता निर्माण करू लागला. एवढ्याशा फरकाने नियती पालटावी, हे थक्क करणारे आहे.

डीएनएवर आधी कोण बसतो, याविषयी मतभेद आहेत. एकेका रेणूचा माग घेणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात सॉक्स-२ प्रथम आढळला. ऑक्ट-४ ला अग्रक्रम देणारेही अभ्यासक आहेत. न्यूक्लिओसोमवरील, म्हणजे डीएनए ज्या प्रथिनांच्या गुंडीभोवती गुंडाळलेला असतो तिच्यावरील, जागेनुसार हे बदलत असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. रक्तपेशींत गाटा-१ व पीयू-१ या घटकांच्या चुरशीतून पेशीची वाट ठरते, अशी जुनी मांडणी होती. २०१६ च्या निरीक्षणांनंतर ती निदान सुरुवातीच्या टप्प्यापुरती तरी टिकत नाही.

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये चार घटकांनी उंदराच्या त्वचापेशी बहुक्षम केल्या. त्यांत सॉक्स-२ व ऑक्ट-४ ही जोडी होती.

पुण्यात विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात रक्तजनक, म्हणजे रक्तपेशी घडवणाऱ्या, मूलपेशींवर संशोधन झाले आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीवाण, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी, पुरवणारे भांडारही तेथेच आहे.