पार्श्वभूमी : ‘भरपाई’ हा टाळलेला शब्द

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातील घरांचे पत्रे उडाले आणि वाड्यांमधील माड-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. पत्रे काही दिवसांत पुन्हा चढवता येतात. नव्याने लावलेली पोफळ फळाला यायला मात्र पाच-सहा वर्षे जावी लागतात, आणि त्या मधल्या वर्षांत संसार कशावर चालवायचा, याचे उत्तर पंचनाम्याच्या कागदावर नसते. प्रशांत महासागरातील सखल बेटांपुढचा प्रश्न याच्याही पलीकडचा आहे, कारण तेथे समुद्र जमीनच घेऊन जातो आहे. हवामानविषयक वाटाघाटींत या सगळ्याला मिळून ‘हानी आणि नुकसान’ असे म्हणतात: दुरुस्त करता येते ते नुकसान, कायमची जाते ती हानी. उत्सर्जन घटवून किंवा बदलत्या हवामानाशी जुळवून घेऊनही जे टळत नाही, त्याचा भार कोणी सोसायचा, हा प्रश्न तीन दशकांहून अधिक काळ लोंबकळत राहिला, आणि त्याचे मुख्य कारण ‘भरपाई’ या एका शब्दाची श्रीमंत देशांना वाटणारी धास्ती हे आहे.

हा प्रश्न पहिल्यांदा नेमकेपणाने मांडला तो प्रशांत महासागरातील सुमारे ऐंशी बेटांच्या वानुआटू या देशाने. लहान बेटांच्या राष्ट्रांनी १९९० मध्ये आपली आघाडी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी, हवामान कराराच्या मसुद्याची बोलणी चालू असताना, वानुआटूने तिच्या वतीने आंतरराष्ट्रीय विमा निधीचा प्रस्ताव ठेवला. समुद्राची पातळी वाढल्यामुळे सखल देशांचे जे नुकसान होईल ते या निधीतून भरून द्यावे आणि निधीची वर्गणी औद्योगिक देशांनी द्यावी, वर्गणीचा अर्धा भाग राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात आणि उरलेला अर्धा कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनातील वाट्यानुसार ठरवावा, असे त्याचे स्वरूप होते. अणुअपघातांच्या दायित्वाविषयी १९६३ मध्ये ब्रसेल्सला झालेल्या कराराचा नमुना त्यासाठी समोर ठेवला होता. म्हणजे ही मदतीची याचना नव्हती. ज्याने धोका निर्माण केला त्याने खर्च उचलावा, हे अन्य क्षेत्रांत मान्य असलेले तत्त्वच येथे लावले होते. १९९२ च्या करारात या प्रस्तावातून उरला तो कलम ४.८ मधील ‘विमा’ हा शब्द. तरीही नाऊरू, किरिबाती आणि फिजी यांच्यासारख्या देशांनी करार स्वीकारताना, त्यामुळे राष्ट्रांच्या उत्तरदायित्वाविषयीचे आंतरराष्ट्रीय कायद्यातील आपले हक्क सोडले जात नाहीत, असे निवेदन नोंदवून ठेवले. त्या निवेदनांची दूरदृष्टी आज लक्षात येते.

त्याच सुमारास दिल्लीत या वादाची दुसरी बाजू मांडली जात होती. अमेरिकेतील एका संस्थेने भारत आणि चीन यांना तापमानवाढीच्या मोठ्या जबाबदार देशांत बसवले होते. त्याला सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या पर्यावरणविषयक संस्थेच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये उत्तर दिले. भातखाचरांतून आणि गुराढोरांपासून निघणारा मिथेन हा पोटासाठीचा, तर मोटारींचा धूर चैनीचा; दोन्ही एका तराजूत कसे तोलता येतील, असा त्यांचा सवाल होता. करारातील ‘समान, पण भिन्न जबाबदाऱ्या’ (जबाबदारी सर्वांची, पण वाटा वेगवेगळा) हे तत्त्व याच वादातून घडले. उत्सर्जन कोणी किती घटवायचे, यासाठी ते वापरले गेले. झालेल्या नुकसानीचे काय, याला मात्र कोणी हात लावला नाही.

उत्सर्जन घटवण्यासाठीच्या १९९७ च्या क्योटो करारातही हा विषय नव्हता. २००७ मध्ये बालीच्या कृती आराखड्यात ‘हानी आणि नुकसान’ हे शब्द प्रथम आले. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले, पण ते उत्सर्जनकपात आणि अनुकूलन, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे, यांसाठी होते, आणि पूर्ण झाले ते २०२२ मध्ये, त्यातही मोठा हिस्सा कर्जाचा.

८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान वादळाने फिलिपिन्सचा किनारा उद्ध्वस्त केला आणि तीनच दिवसांनी वॉर्सामध्ये संयुक्त राष्ट्रांची वार्षिक हवामान परिषद सुरू झाली. फिलिपिन्सचे प्रतिनिधी येब सान्यो यांना बोलताना अश्रू आवरले नाहीत. ठोस निर्णय होईपर्यंत अन्न घेणार नाही, असे त्यांनी तेथेच जाहीर केले. विकसनशील देशांच्या वाटाघाटीकर्त्यांनी एका रात्री सभात्याग केला. यातून ‘हानी आणि नुकसान’ या विषयासाठी वॉर्सा यंत्रणा स्थापन झाली, पण तिच्या हाती पैसा नव्हता. २०१५ च्या पॅरिस कराराने या विषयाला आठवे स्वतंत्र कलम दिले, मात्र सोबतच्या निर्णयातील परिच्छेद ५१ मध्ये, या कलमातून दायित्व किंवा भरपाईचा आधार निर्माण होत नाही, असे लिहून घेतले गेले. अमेरिकेचा तो आग्रह होता. त्याच वर्षी मार्चमध्ये पाम वादळाने वानुआटूचे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ६४ टक्के इतके नुकसान केले होते. हे दोन्ही एकाच वर्षात घडावे, हे मला आजही खुपते.

कोंडी फुटली ती २०२२ मध्ये. त्या वर्षीच्या महापुरात पाकिस्तानात १,७०० हून अधिक माणसे गेली, सव्वातीन कोटींहून अधिक लोकांना झळ पोहोचली आणि ३० अब्ज डॉलरच्या घरात नुकसान झाले. विकसनशील देशांच्या गटाचे अध्यक्षपद तेव्हा पाकिस्तानकडेच होते. २० नोव्हेंबरच्या पहाटे इजिप्तमधील शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत स्वतंत्र निधीचा निर्णय झाला आणि पुढच्या वर्षी दुबईत परिषदेच्या पहिल्याच दिवशी तो कार्यान्वित करण्यात आला. संयुक्त अरब अमिराती आणि जर्मनी यांनी प्रत्येकी १० कोटी डॉलर जाहीर केले, अमेरिकेने १ कोटी ७५ लाख. ‘भरपाई’ हा शब्द निधीच्या नावातही नाही आणि देणगी ऐच्छिक आहे. एप्रिल २०२५ मध्ये संचालक मंडळाने पहिल्या टप्प्यासाठी २५ कोटी डॉलर ठरवले. एकट्या पाकिस्तानच्या त्या एका पुराच्या नुकसानीपुढे ही रक्कम शंभरावा भागही भरत नाही. त्याआधीच, मार्चमध्ये, अमेरिका मंडळातून बाहेर पडली होती.

मधल्या काळात वानुआटूने दुसरी वाट धरली होती. तेथे शिकणाऱ्या प्रशांत बेटांवरील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक मागणी पुढे आणली: हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावा. वानुआटूच्या सरकारने ती उचलून धरली आणि २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव एकमताने संमत केला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिले की, हवामानाचे रक्षण करण्याची राष्ट्रांची बंधने केवळ हवामान करारांपुरती मर्यादित नाहीत आणि ती मोडल्यास बाधित राष्ट्राला पूर्ण भरपाई देण्याची वेळ येऊ शकते. मत सल्लागार स्वरूपाचे आहे. शिवाय, अमुक देशाचे गैरकृत्य आणि तमुक बेटाचे नुकसान यांच्यातील पुरेसा थेट संबंध दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच राहते.